प्लायवुड : प्रकारांचा इतिहास व निवड

लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवून तयार केलेल्या तक्त्यास प्लायवुड म्हणतात. लगतच्या थरांतील तंतू परस्परांशी काटकोनात असतात. त्यामुळे असा तक्ता साध्या फळीप्रमाणे तंतूंच्या दिशेने सहज उकलत नाही व हवेतील ओलाव्याने कमी फुगतो वा आकसतो. थरांची संख्या सामान्यतः विषम ठेवतात. मधल्या थराच्या दोन्ही बाजू समतोल राहिल्याने तक्ता सहसा वाकत नाही.

ही कल्पना प्राचीन आहे. ईजिप्तमधील सक्कारा येथील पायऱ्यांच्या पिरॅमिडमध्ये तिसऱ्या राजवंशाच्या काळातील सहा थरांची लाकडी शवपेटिका सापडली. तिचे थर लाकडी खुंट्यांनी जोडलेले होते. आधुनिक काळात सॅम्युएल बेंथॅम यांनी १७९७ मध्ये इंग्लंडमध्ये व जॉन मेयो यांनी १८६५ मध्ये अमेरिकेत यासंबंधी एकस्वे मिळविली. एस्टोनियात बर्च लाकडाचे प्लायवुड तयार होऊ लागले व चहाच्या पेट्यांसाठी त्याला मोठी मागणी आली. १९०५ मध्ये पोर्टलंड येथील प्रदर्शनात डग्लस फर लाकडाचे तक्ते मांडण्यात आले.

या प्रारंभीच्या तक्त्यांची उणीव आसंजकात होती. प्राणिज सरसाचे सांधे पाण्याने सुटत. १९३४ मध्ये जेम्स नेव्हिन यांनी वॉशिंग्टन राज्यात जलसह आसंजक सिद्ध केल्यावर प्लायवुड उघड्यावर वापरणे शक्य झाले. मात्र आसंजक योग्य रीतीने लावणेही तितकेच महत्त्वाचे असते. दुसऱ्या महायुद्धातील मॉस्किटो या ब्रिटिश विमानाची बांधणी प्रामुख्याने प्लायवुड व बाल्सा यांची होती. १९४४ मध्ये भारतात यांपैकी काही विमाने हवेतच मोडली. तपासात पंखांच्या चिकटविलेल्या सांध्यांत दोष आढळले.

प्लायवुडची निवडही म्हणूनच प्रथम आसंजकावरून करावी लागते. भारतीय मानक ३०३ च्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडचे दोन वर्ग केलेले आहेत. त्यांपैकी ‘एमआर’ हे दमटपणा सोसणारे प्लायवुड कोरड्या खोलीतील कपाटे, पलंग इत्यादींना पुरते. ‘बीडब्ल्यूआर’ हे उकळत्या पाण्यास काही काळ दाद न देणारे असून स्वयंपाकघरातील कपाटांस योग्य ठरते. मानक ७१० मधील सागरी प्लायवुडच्या सांध्यांची कसोटी ७२ तास उकळून घेतात. ते नौकांसाठी व सतत ओल्या राहणाऱ्या जागी वापरतात. दरवाजाच्या लांब झडपांसाठी, गाभ्यात लाकडी पट्ट्या असलेला ब्लॉकबोर्ड अधिक सरळ राहतो. महाग सागरी तक्ता कोरड्या कपाटास लावणे हा अपव्यय होय. तथापि न्हाणीघरात ‘एमआर’ वापरल्यास थर सुटून खर्च वाया जातो.

निवडीला वनांचीही बाजू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने वनांतील वृक्षतोडीवर व लाकूडगिरण्यांवर कडक निर्बंध आले. त्यानंतर शेतात लावलेल्या पॉपलर व निलगिरी यांच्या लाकडावर या उद्योगाची भिस्त वाढली. यांपैकी पॉपलरचे लाकूड गर्जनासारख्या जुन्या जंगली लाकडांपेक्षा सामान्यतः हलके असल्याने गाभ्यातील पोकळ्या, थरांची सलगता व तक्त्याचे वजन पाहून घेणे पूर्वीपेक्षा अधिक अगत्याचे झाले आहे.