राज्य पुरस्कार आणि घराबाहेरच्या रात्री

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा मला वाटलं, 'संगणक क्षेत्रातील संधी' हाच विषय माझ्या गळ्यात पडणार. दर मेळाव्याला पडतोच. या वेळी मात्र 'शाळेच्या स्काऊट-गाईडवर लिही, तू राज्य पुरस्कारवाली ना!' असं फर्मान निघालं. मी हो म्हटलं, आणि दिवाळीत रत्नागिरीला आले तेव्हा शाळेत जाऊन आमच्या गाईड पथकाची जुनी नोंदवही मागून घेतली. ती वाचल्यावर हा लेख मनात ठरवला होता तसा राहिला नाही.

जे मित्र त्या काळात कबड्डीच्या मैदानावर होते आणि आमच्या स्कार्फला 'फडकं' म्हणत होते, त्यांच्यासाठी आधी थोडं. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये पायऱ्या असतात. आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि सर्वांत वर राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीला चाचणी. गाठी, प्रथमोपचार, वाटेच्या खुणा, नकाशा, झाडाची उंची अंदाजाने काढणं, भांड्यांशिवाय स्वयंपाक. राज्य पुरस्काराच्या प्रमाणपत्रावर राज्यपालांची सही असते. पुरस्कार मिळालेल्यांची वेगळी सभा नसते की मंडळ नसतं, पण ती मंडळी एकमेकांना बरोबर ओळखतात. माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत समोरच्या माणसाने माझ्या इंजिनिअरिंगच्या गुणांकडे ओझरतं पाहिलं आणि बायोडेटाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "कुठलं शिबिर?" पुढची दहा मिनिटं आम्ही तंबूबद्दल बोललो.

या सन्मानाचा उगम राजाच्या नावाने झाला. बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर भरवलं, १९०८ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि १९०९ मध्ये राजा सातव्या एडवर्डने सर्वांत कसोटीच्या चाचण्या पार करणाऱ्या मुलांना 'किंग्ज स्काऊट' म्हणवून घ्यायला परवानगी दिली. आपला राष्ट्रपती पुरस्कार हा त्याच घराण्यातला. राजा गेला, राष्ट्रपती आले, चाचण्या बऱ्याचशा त्याच राहिल्या.

त्याच १९०९ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला हजारो स्काऊट मुलांचा मेळावा भरला. तिथे काही मुली स्वतःच टोप्या-काठ्या घेऊन हजर झाल्या. 'आम्हीपण स्काऊट' म्हणाल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांचं काय करायचं या विचारातून पुढच्या वर्षी 'गर्ल गाईड्स' ही वेगळी चूल मांडली गेली आणि ती बेडन-पॉवेल यांच्या बहिणीकडे, ॲग्नेसकडे, सोपवली गेली. मुलींना आत घेतलं, पण दुसऱ्या दाराने.

भारतात तर दार आणखी अरुंद होतं. १९०९ मध्ये कॅप्टन बेकर यांनी बंगळुरात पहिलं पथक काढलं, १९११ मध्ये जबलपूरला पहिलं गाईड पथक निघालं, पण ही पथकं युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलामुलींची. इथल्या मुलांना प्रवेश नव्हता. सरकारची भीती उघड होती. नकाशा वाचणारी, खुणांनी निरोप देणारी, शिस्तीत रात्र काढणारी पोरं उद्या कुणाविरुद्ध उभी राहतील याचा भरवसा काय? मला तर ही भीती म्हणजे स्काऊटिंगला मिळालेलं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र वाटतं.

मग लोकांनी आपापली दारं पाडली. १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासेत भारतीय मुलांची संघटना काढली, गणवेशात फेटा आणला. अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. १९१८ च्या कुंभमेळ्यात तिची मुलं गर्दीत सेवेला उभी होती. यातले कुंझरू आणि वाजपेयी हे दोघेही भारत सेवक समाजाचे सदस्य, आणि भारत सेवक समाज १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. गोखले जन्मले कुठे? आपल्या गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला. म्हणजे अलाहाबादच्या त्या खाकी पोरांचा एक धागा थेट आपल्या जिल्ह्यात येतो. हे मला चाळिशीत कळलं. शाळेत गोखल्यांवर दर वर्षी वक्तृत्व स्पर्धा व्हायची, तेव्हा कोणी सांगितलं नाही.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले तेव्हा बेझंट यांची संघटना मुख्य प्रवाहात गेली. सेवा समिती वेगळीच राहिली. अडचण होती शपथेतल्या राजनिष्ठेची. १९३७ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय जांबोरी झाली, पण नंतर भारतीयांच्या चारित्र्याबद्दल बेडन-पॉवेल यांनी केलेल्या शेऱ्यांनी लोक दुखावले आणि १९३८ मध्ये हिंदुस्तान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. एका देशात दोन-दोन, तीन-तीन संघटना, सगळ्यांच्या गाठी मात्र सारख्याच! स्वातंत्र्यानंतर नेहरू आणि मौलाना आझाद यांनी लक्ष घातलं, ७ नोव्हेंबर १९५० रोजी मुलांच्या संघटना एकत्र होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गर्ल गाईड्सही त्यात आल्या. जगात बऱ्याच ठिकाणी ही दोन घरं वेगळी होती तेव्हा आपल्याकडे एक झाली. मराठीत तर जोडीचे शब्दही होते, बालवीर आणि वीरबाला. 'वीरबाला' हा शब्द आमच्या वेळेपर्यंत मागे पडला होता. बरंच झालं, वर्गातल्या मुलांनी आमचं काय केलं असतं याची कल्पना आहे.

महाराष्ट्राच्या वाट्याला यातलं एक मोठं मानाचं पान आलं आहे. जगभरच्या गाईडची जी मोजकी जागतिक केंद्रं आहेत त्यातलं 'संगम' हे पुण्यात आहे. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये ऑलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते ते उघडलं. नोकरीनिमित्त पुण्यात आल्यावर एका रविवारी मी तिथे गेले होते. वेगवेगळ्या देशांच्या मुली अंगणात बसून भाजी चिरत होत्या. घर सोडून किती हजार मैल आल्या होत्या, आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

आता आपल्या पथकाकडे येते.

मी बोलते आहे ते १९९४-९५ चं. कोकण रेल्वे अजून व्हायची होती, मुंबई म्हणजे रात्रभराची एसटी. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही बत्तीस जणी मैदानाच्या कडेला जमायचो. निळा ड्रेस, स्कार्फ, शिट्टी. चार संघ, फुलांची नावं. मी चमेली संघात होते आणि आमची संघनायिका मिरकरवाड्याची होती. तिचं नाव इथे लिहिणार नाही, तिनेच नको म्हणून सांगितलं आहे. आमच्या बॅचला ते सांगायची गरजही नाही.

'खरी कमाई'च्या आठवड्यात आम्ही घरोघर फिरून पडेल ते काम करायचो आणि पैसे पथकाला द्यायचो. मी दोन दिवसांत मावशीच्या घरचे माळे साफ करून थोडे रुपये मिळवले. तिने बंदरावर जाळी दुरुस्त करून माझ्या कितीतरी पट आणले. बाईंनी गाठींचा तक्ता भिंतीवर लावला, त्यात शीट बेंड नावाची गाठ होती. ती आम्हा कोणालाच जमेना. हिने तक्त्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही होय? ही तर जाळ्याची." खरंच होतं ते. विणलेल्या जाळ्याच्या प्रत्येक डोळ्यात तीच गाठ असते. तिच्या घरी ती आजोबांना येत होती, त्यांच्या आजोबांना येत होती. बेडन-पॉवेल यांच्या आधी किती पिढ्या, कोण जाणे.

तृतीय सोपानापर्यंतचं सगळं मैदानावर, दिवसाउजेडी झालं. राज्य पुरस्काराची चाचणी मात्र शिबिरात होती. दुसरा तालुका, तंबू, चार रात्री. पथकातून आम्हा सहा जणींची निवड झाली, त्यात पहिलं नाव तिचं होतं. तिच्या आजीने नाही म्हटलं. बाई स्वतः संध्याकाळी मिरकरवाड्यात जाऊन बसल्या. मीही बरोबर होते. आजीने आम्हाला चहा दिला, बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, तुमच्यावर विश्वास आहे. पण पोरीच्या जातीने रात्रीचं बाहेर नको." त्या घरातले पुरुष दहा-दहा दिवस समुद्रावर असायचे. ती आजी स्वतः उभं आयुष्य पहाटे अंधारात टोपली घेऊन लिलावाला जात आली होती. हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी बोलायची हिंमत नव्हती.

आम्ही पाच जणी गेलो. माझ्या घरीही सहज हो म्हणाले नव्हते, पण वडील शिक्षक होते आणि बाई त्यांच्या ओळखीच्या. फरक एवढाच. चाचणीत परीक्षकांनी एक जाड दोर आणि एक सुतळी हातात दिली आणि म्हणाले, जोड. सारख्या जाडीच्या दोऱ्यांना चालणारी रीफ नॉट इथे सरकते, हे मला ठाऊक होतं, कारण निघायच्या आदल्या दिवशी तिने मला शाळेच्या पायरीवर बसवून तासभर शीट बेंड घालायला लावली होती. डोळे मिटूनसुद्धा. मी उत्तीर्ण झाले. प्रमाणपत्र आलं, शाळेच्या फलकावर नाव लागलं. या स्मरणिकेत पुरस्कारप्राप्त विद्यार्थ्यांची यादी आहे, त्यातही आहे. नोंदवहीत शिबिराच्या चार तारखांपुढे तिच्या नावासमोर चार वेळा 'गै' लिहिलेलं आहे. गैरहजर. कारणाचा रकाना कोरा.

काही वर्षांपूर्वी कंपनीने मला अमेरिकेत पाठवलं होतं. तिथल्या सहकाऱ्याच्या मुलाला स्काऊटमधल्या 'ऑर्डर ऑफ द ॲरो'त निवडलं, म्हणून त्याने ऑफिसात केक आणला. मी खोदून विचारलं. १९१५ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्काऊटांच्या ट्रेझर आयलंड या शिबिरात अर्नर गुडमन आणि कॅरोल एडसन या दोन तरुणांनी ही मानाची संघटना सुरू केली. तिच्या ठिकठिकाणच्या शाखा असतात, त्यांना 'लॉज' म्हणतात. गंमत अशी की तिथे परीक्षक निवडत नाहीत, पथकातली मुलंच मतदान करतात. ज्याने न कुरकुरता इतरांसाठी काम केलं त्याला. निवडलेल्या मुलाने मग एक दिवस मौन पाळायचं, कष्टाचं काम करायचं, जेमतेम खायचं आणि रात्री आकाशाखाली एकट्याने झोपायचं. ऐकून मला आपल्याकडचं व्रत आठवलं. त्यांचे विधी तिथल्या लेनापे आदिवासींच्या नावाने आणि पोशाखात चालत आले, ते मात्र मला रुचलं नाही. ज्यांना त्यांच्याच नदीकाठावरून हुसकावलं, त्यांची पिसं डोक्यात खोवून मानाचा सोहळा करायचा? तिथेही आता यावर बरंच बोललं जातं. स्काऊट मुलींसाठी हे दार उघडलं २०१९ मध्ये. क्रिस्टल पॅलेसच्या मुलींनंतर एकशे दहा वर्षांनी!

पण मतदानाची कल्पना डोक्यातून जाईना. आमच्या पथकात मतदान झालं असतं तर? माझं मत कोणाला गेलं असतं ते मला माहीत आहे. बाकीच्यांचं सांगता येत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुली कपडे बघून, वाडी बघून, कोणाच्या डब्याला मासळीचा वास येतो ते बघूनही मत देतात. मी त्यात होते, मला माहीत आहे. आणि मग त्या सहकाऱ्याने आणखी एक अट सांगितली. निवडणुकीला पात्र ठरायचं तर मुलाने आधी पंधरा रात्री शिबिरात काढलेल्या असाव्या लागतात. म्हणजे तिथेही ती बाद झाली असती. संगणकाच्या भाषेत सांगायचं तर तिला परीक्षेत कोणी नापास केलं नाही, लॉगिनच दिलं नाही. चाचणी दिल्लीच्या राष्ट्रपतींच्या नावाची असो, राज्यपालांच्या सहीची असो की अमेरिकेतल्या मुलांच्या मताची, सगळे मोजतात ते घराबाहेरच्या रात्री. आणि १९९५ मध्ये मिरकरवाड्यातल्या एका मुलीकडे तेवढंच नाणं नव्हतं.

संपादक मंडळाला मी विनंती केली की पुरस्कारांच्या यादीशेजारी त्या वर्षांच्या संघनायकांची आणि संघनायिकांचीही यादी छापावी. त्यांनी मान्य केलं. तिचं नाव तिथे राहू द्यायला ती तयार झाली, "यादीत असूदे, लेखात नको." पान उलटलं की दिसेल.

हे विचारायला मी तिला फोन केला होता. पंचवीस वर्षांत आम्ही लग्नकार्यात भेटलो, बोललो, पण शिबिराचा विषय दोघींनीही कधी काढला नव्हता. मी नोंदवहीतलं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मागे बंदरावरचा बर्फ फोडायचा आवाज येत होता. मग म्हणाली, "एक सांग गो. पहिल्या रात्री काय जेवलात?"

"खिचडी. खालून जळलेली, वरून कच्ची."

"कोणी केलेली?"

"मीच."

"मग दुसऱ्या रात्री?" तिने विचारलं, आणि मी चारही रात्रींचं सांगत बसले.