६० ग्रॅम कुठून आले?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरी सोडताना हातात एक कागद देतात. त्यावर गोळ्या लिहिलेल्या असतात, पातळ आहार किती दिवस, मऊ आहार किती दिवस हे लिहिलेलं असतं, आणि एक आकडा असतो : दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं. गोळ्या वेळेवर दिल्या जातात, पातळ आहाराचे दिवस कॅलेंडरवर मोजले जातात. हा आकडा मात्र कागदावरच राहतो. आपल्याकडे गहू किलोत येतो, दूध लिटरमध्ये येतं, प्रथिनं मोजायची पद्धत कुठल्याच स्वयंपाकघरात नाही.

मी डॉक्टर नाही. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होतो, म्हणजे नोकरी रसद पोचवण्यात गेली. किती माणसं, किती दिवस, माणशी किती ग्रॅम. त्यामुळे ग्रॅममध्ये लिहिलेला आकडा दिसला की तो कोणी ठरवला आणि कुणाच्या पोटाकडे बघून ठरवला, हे शोधायची खोड लागली आहे. या ६० ग्रॅमचा माग काढत गेलो तर पावणेदोनशे वर्षांहून मागे जावं लागलं, आणि वाटेत आपली माणसंही भेटली.

प्रोटीन हा शब्द छापला डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर यांनी, १८३८ मध्ये. तो सुचवला होता स्वीडनच्या बर्झेलियस यांनी. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पहिल्या मानाचं असं काहीतरी. मग जर्मनीचे लीबिग म्हणाले की स्नायू काम करतात तेव्हा प्रथिनंच जळतात, म्हणजे कष्टकऱ्याला मांस हवंच. हे तपासायला १८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनस हे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न हा डोंगर चढले. खाण्यात प्रथिनं नाहीत असेच पदार्थ घेतले आणि चढताना, चढल्यावर स्वतःची लघवी जमवून तिच्यातला नायट्रोजन मोजला. सुमारे दोन हजार मीटरच्या चढाईला जेवढी ऊर्जा लागली असणार, तेवढी जळलेल्या प्रथिनांतून मिळूच शकत नव्हती. चढाईचं इंधन दुसरंच होतं. मला हा प्रयोग फार आवडतो. टेबलाशी बसून वाद घालण्यापेक्षा हे दोघे बूट घालून निघाले.

तरी आकडा मोठाच राहिला. म्युनिकच्या कार्ल फॉइट यांनी मध्यम कष्ट करणाऱ्या माणसासाठी दिवसाला ११८ ग्रॅम प्रथिनं सांगितली. हा आकडा बराचसा तिथली कामकरी माणसं प्रत्यक्षात काय खातात त्यावरून आला होता. माणूस जेवढं खातो तेवढंच त्याला लागतं, असं त्यात गृहीत होतं.

त्यावर शंका घेतली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रसेल चिटेंडन यांनी. १९०३-०४ मध्ये त्यांनी अमेरिकी सैन्याच्या हॉस्पिटल कोअरमधले जवान महिनोन्‌महिने देखरेखीखाली ठेवले आणि त्यांची प्रथिनं फॉइटच्या निम्म्याच्या आसपास, ५० ग्रॅमच्या घरात आणली. रोज व्यायाम आणि कवायत चालू होती. जवान खंगले तर नाहीतच, ताकदीच्या चाचण्यांत पुढे गेले. याच चिटेंडनकडे त्याआधी होरेस फ्लेचर नावाचे एक गृहस्थ येऊन राहिले होते. घास तोंडात अगदी पातळ होईपर्यंत चावायचा, हा त्यांचा ध्यास. लोक हसायचे. आज पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आहारतज्ज्ञ जवळपास तेच सांगतात.

आता भारत. कलकत्ता मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते मेजर मॅके, इंडियन मेडिकल सर्व्हिसचे. त्यांनी बंगालमधल्या तुरुंगांतला आहार तपासला आणि १९१२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की चिटेंडन सांगतात तेवढीच प्रथिनं बंगाली माणूस पिढ्यान्‌पिढ्या खातो आहे, आणि त्याची तब्येत बघा. यात लढवय्या आणि बिगरलढवय्या जातींचा सरकारी सिद्धान्त मागच्या दाराने शिरलेला दिसतो. सैन्यभरतीचं धोरण आधी ठरलं आणि भातावर खापर नंतर फुटलं, असं माझं मत आहे. पण आहार बदलला तर शरीर बदलतं, हा त्यातला मुद्दा टाकून देण्यासारखा नव्हता.

पुढे कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी, हेही लष्करी डॉक्टर, उंदरांचे गट करून एकेका गटाला हिंदुस्थानातल्या एकेका प्रांताचं जेवण घातलं. शीख जेवणावरचे उंदीर सगळ्यांत धष्टपुष्ट निघाले, मग पठाणी, आणि तिसरे मराठी जेवणावरचे. मद्रासी भातावरचे शेवटी. शीख थाळीत अख्ख्या गव्हाची चपाती, दूध-लोणी, डाळ, भाजी आणि कधीतरी मांस होतं. मराठा रेजिमेंटच्या मित्रांना मी हे सांगतो तेव्हा तिसरा नंबर त्यांना पटत नाही. मॅकॅरिसननंतर कुन्नूरला आलेल्या एक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते छापले. कशात किती प्रथिनं, हे आपल्या ज्वारी-बाजरी-तुरीसाठी हाताशी आलं ते तेव्हापासून. ती प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली, आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.

यानंतर येतात ते आपले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा हा संख्याशास्त्रज्ञ, रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत वीस वर्षं सांख्यिकी विभागाचा प्रमुख. त्या काळात जगभर एकच ओरड होती, गरीब देशांत प्रथिनांचा दुष्काळ आहे. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिनसंकटावर अहवाल काढला. माशांची पिठं, दाण्यांची पिठं, कारखान्यातली प्रथिनं, सगळ्यांचे बेत चालू होते. सुखात्म्यांनी भारतातली आहाराची आकडेवारी मांडून सांगितलं, की चपाती-डाळ किंवा भात-डाळ पोटभर मिळाली तर लागणारी प्रथिनं त्यातूनच येतात. कमी पडतं ते एकूण अन्न. पोट अर्धं राहिलं की खाल्लेली प्रथिनंही शरीर सरपणासारखी जाळतं. हैदराबादला गोपालन यांचे अभ्यासही त्याच दिशेचे होते. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरन यांनी लॅन्सेटमध्ये या सगळ्या प्रथिनमोहिमेला सरळ फजिती म्हटलं. वाद बराचसा निवळला, आणि आपल्या साध्या वरणभाताची अब्रू राहिली.

रसद अधिकारी म्हणून मला सुखात्मे पटतात. पण त्यांच्या वाक्यातला एक शब्द लक्षात ठेवा : पोटभर.

बडोद्याला माझ्या वहिनींची ही शस्त्रक्रिया झाली. पोटाचा बराचसा भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवतात, ती स्लीव्ह. चौथ्या महिन्यात गेलो तेव्हा वजन छान उतरलं होतं, पण जिना चढताना त्या कठडा धरत होत्या आणि कंगव्यात केसांचा पुंजका येत होता. मला म्हणाल्या, "भावजी, डाळीचं पाणी रोज दोनदा घेते. मऊ भात, वर तूप. जन्मभर वरणभात खाल्ला, कधी काही कमी पडलं का? मग आताच का?" दादाचंही तेच म्हणणं. प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर त्या एका शब्दात आहे. वरणभात पोटभर खाल्ला तर पुरतो. इथे पोटच भरायला जागा नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यांत दिवसाचं खाणं हजार कॅलरींच्याही खाली असतं. वजन उतरावं म्हणून ते मुद्दाम तसं असतं. म्हणजे सुखात्मे ज्या उपासमारीबद्दल बोलत होते, ती इथे डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू असते. शरीर चरबी जाळतं, पण तेवढ्यावर थांबत नाही. खाल्लेली प्रथिनं जाळतं, आणि ती कमी पडली तर मांड्यांचे, दंडांचे स्नायू मोडायला घेतं. स्नायू कसे वाचवायचे, याचं उत्तर सत्तरच्या दशकात बॉस्टनला जॉर्ज ब्लॅकबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं : कॅलरी कमी ठेवा, पण प्रथिनं कमी करू नका, उलट माणसाच्या योग्य वजनाच्या दर किलोला सव्वा ते दीड ग्रॅमपर्यंत द्या. आपल्या कागदावरच्या आकड्याची जातकुळी ही आहे. २०१३ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत तो दिसतो तो असा : दिवसाला किमान ६० ग्रॅम, आणि आदर्श वजनाच्या दर किलोला १.५ ग्रॅमपर्यंत.

शस्त्रक्रियेच्या बाजूने हाच धडा जास्त महागात शिकला गेला. १९५४ मध्ये मिनेसोटाच्या शल्यविशारदांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याची पद्धत मांडली. अन्न शोषलंच गेलं नाही की वजन उतरतं, हे खरं, पण प्रथिनंही शोषली जात नव्हती. यकृत निकामी होण्यापर्यंत पाळी आली आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. आयोवाचे एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास सुरू केली, जठर लहान करून. इटलीत जेनोवाला स्कोपिनारो यांची १९७९ ची शस्त्रक्रिया वजन उतरवण्यात जबरदस्त, पण प्रथिनांची कमतरता हा तिचा ठळक दोष. काही रुग्णांचं आतडं त्यासाठी पुन्हा जोडावं लागलं.

आणखी एक प्रकरण सांगायलाच हवं, कारण त्याचा माल आज पुन्हा दुकानात आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट लिन यांच्या पुस्तकामुळे पातळ प्रथिनांचा उपास गाजला. जेवण बंद, फक्त बाटलीतलं प्रोटीन. ते बनत होतं जनावरांच्या कातडीतल्या आणि स्नायुबंधांतल्या कोलॅजनपासून. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हा आवश्यक घटक नसतो, आणि इतर क्षारही त्या खाण्यात पुरेसे नव्हते. हृदयाचे ठोके बिघडून माणसं गेली, साठच्या आसपास मृत्यूंची चौकशी झाली. ग्रॅम भरले होते, माल खोटा होता. आज केसांसाठी आणि त्वचेसाठी कोलॅजनचे डबे विकतात. हौस म्हणून घ्या, पण ते तुमच्या ६० ग्रॅममध्ये धरू नका. दुधातून निघणारं व्हे ही वेगळी गोष्ट. पनीर करताना जे पाणी आपण कणकेत घालतो त्यातलीच ती प्रथिनं, गाळून घट्ट केलेली आणि सगळे आवश्यक घटक असलेली.

मग वहिनींच्या स्वयंपाकघरात आम्ही तक्ता मांडला, दादा वही घेऊन बसला. डाळीचं वरचं पाणी : नावापुरती प्रथिनं, डाळ खाली राहते. तूप : शून्य. साबुदाणा : जवळपास शून्य, आणि वहिनींच्या एकादश्या चुकत नाहीत. घट्ट वरणाची वाटी : सहा-सात ग्रॅम, पण त्या दोन-तीन चमचेच खाऊ शकत होत्या. पेलाभर दूध : सहा-सात. शंभर ग्रॅम पनीर : अठराच्या आसपास. अंडं सहा ग्रॅमचं, पण त्यांच्या घरात ते चढत नाही. बिहारच्या जवानांनी मला सत्तू शिकवला होता : शंभर ग्रॅममध्ये वीसेक ग्रॅम, ताकात कालवलं की घशाखाली सहज उतरतं. सोयाबीनच्या वड्या कोरड्या शंभर ग्रॅममध्ये पन्नासच्या वर, पण त्या भिजवून, पिळून, बारीक करून घ्यायच्या. आमच्याकडे शाकाहारी जवानाला मांसाऐवजी जास्तीचं दूध मिळायचं, तेव्हा बदली वस्तू शोधायची सवय होतीच. त्या आठवड्यात वहिनींच्या पोटात रोज वीस ग्रॅमच्या आसपास जात होते. हिशेब लागल्यावर दादा बराच वेळ काही बोलला नाही.

केस केवळ प्रथिनांअभावी जात नाहीत, वजन झपाट्याने उतरलं की तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते गळतातच, हे त्यांच्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. लोह आणि जस्तही तपासून घेतलं. जेवणाचा क्रम त्यांनीच बदलून दिला : ताटातलं पनीर, दही, वरण आधी, भात उरल्या जागेत. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने घोट घोट. दिवसात पाच-सहा वेळा थोडं थोडं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे आकडे स्वतःला लावण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे, त्यांचं गणित वेगळं असतं.

वहिनींनी एकादशी सोडली नाही. त्या दिवशी आता साबुदाण्याऐवजी घट्ट दही, पनीर आणि दुधात मिसळलेलं व्हे असतं. व्हे उपासाला चालतं का, यावर दादाने शेजारच्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, दुधाचंच आहे ना, मग चालतं.