सामाईक आज्ञासंग्रहांचा शोध

वांकिडी हे गाव तेलंगणात, पण महाराष्ट्राच्या सीमेला लागून. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. २०१६ साली ते नव्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. घरी मराठी आणि कचेरीत तेलुगू हा व्यवहार ह्या भागात अनेकांच्या अंगवळणी पडलेला आहे. अशा गावी लिनक्सवर चालणाऱ्या एखाद्या संगणकावर दोन्ही भाषांतील मजकूर लिहिला, तर अक्षरांचे ठसे अर्थातच निराळे असतात. परंतु 'क्षि'ची वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन ठेवणारा आणि तेलुगू जोडाक्षराचा भाग खाली बसविणारा कारागीर मात्र बहुधा एकच असतो. त्याचे नाव हार्फबझ. तो लेखनाच्या आज्ञावलीत राहत नाही. स्वतंत्र फाइलीत राहून अनेक आज्ञावलींची चाकरी करतो. अशा सामाईक आज्ञासंग्रहास शेअर्ड लायब्ररी म्हणतात. ज्या आज्ञावलीला तो हवा असतो, ती त्याच्यावाचून सुरूच होत नाही.

लायब्ररी हा शब्द येथे उगाच आलेला नाही. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक १९४९ साली चालू झाला, तेव्हा वारंवार लागणारी गणिते भोके पाडलेल्या कागदी फितींवर नोंदवून त्या फिती खरोखरीच कपाटात लावून ठेवीत. ज्यास एखादे गणित हवे, त्याने ती फीत काढावी, तिची नक्कल आपल्या फितीत उतरवावी आणि मूळ फीत जागेवर ठेवावी. ह्या पद्धतीत आज्ञावली स्वयंपूर्ण होई खरी, पण मूळ फितीतील चूक सुधारली तरी आधी उतरविलेल्या नकलांतील चूक तशीच राही. घरोघरी उखळ बाळगण्याऐवजी आळीत एकच ठेवावे, ही कल्पना १९६५च्या सुमारास अमेरिकेत मल्टिक्स प्रणालीच्या रचनेत आली: आज्ञावली चालू असतानाच तिला लागणारा भाग बाहेरून जोडून द्यायचा. सन कंपनीने १९८८ साली सनओएसच्या चौथ्या आवृत्तीत ती सोय युनिक्सवर आणली.

सोय झाली, तशी उसनवारीही आली. इयन मर्डॉक ह्यांनी १९९३ साली डेबियन ह्या लिनक्स-वितरणाचा आरंभ केला. असे वितरण म्हणजे हजारो पॅकेजांचे कोठार. कोणते पॅकेज कोणावर विसंबून आहे हे त्यात नोंदविले नाही, तर वापरणाऱ्याच्या हाती बंद पडलेली आज्ञावली येते. ही यादी माणसाने आठवणीने लिहू नये, प्रत्यक्ष आज्ञावलीलाच विचारावी, हा खरा मार्ग. १९९६च्या जूनमध्ये डेबियनने ईएलएफ नावाची फाइलरचना स्वीकारली, आणि तिच्यात आज्ञावली आपल्याला हव्या असलेल्या संग्रहांची नावे पोटातच बाळगते. इयन जॅक्सन ह्यांनी त्याच वर्षी लिहिलेले डीपीकेजी-शलिबडेप्स हे साधन ती नावे वाचते, प्रत्येक नाव कोणत्या पॅकेजात मिळेल हे शोधते आणि अवलंबनांची नोंद तयार करते. त्यापुढे २००७ साली नावाबरोबरच संग्रहातील कोणकोणती कार्ये वापरली आहेत हेही पाहण्याची सोय झाली. त्यामुळे किमान कोणती आवृत्ती लागेल हे नेमके कळू लागले.

येथे एक बारीक भेद आहे. ऑब्जडंप ह्या साधनाने आज्ञावलीची स्वतःची यादी दिसते. एलडीडीने तिच्या संग्रहांचे संग्रह, म्हणजे सारे गणगोत दिसते. वांकिडीच्या संगणकावरील एखाद्या लेखनसाधनाच्या यादीत पँगो हा संग्रह असू शकतो आणि हार्फबझ मुळीच नसू शकतो, कारण हार्फबझला बोलावतो तो पँगो. (अनोळखी आज्ञावलीवर मात्र एलडीडी चालवू नये, काही प्रसंगी तपासणीच्या नावाखाली ती आज्ञावलीच चालू होते.)

हा भेद केवळ पंडिती नाही, हे २९ मार्च २०२४ रोजी दिसून आले. दूरच्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, ह्याचा माग काढता काढता आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यास एक्सझेड ह्या संकोचन-संग्रहात मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. प्रवेशाचे काम करणाऱ्या ओपनएसएसएचला ह्या संग्रहाची मुळीच गरज नव्हती. परंतु काही वितरणांनी सेवा सुरू झाल्याची वर्दी देण्यासाठी तिला सिस्टमडीच्या संग्रहाशी जोडले होते, आणि त्या संग्रहाने एक्सझेडला आपल्याबरोबर आत आणले. दाराशी ओळखीचा पाहुणा उभा होता. त्याच्या मागून कोण आले, हे कोणी विचारले नाही. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत हे विष पोहोचले नव्हते, ते केवळ त्या अर्ध्या सेकंदाच्या चिकाटीमुळे.

सिस्टमडीच्या कर्त्यांनी असे दुय्यम संग्रह यादीतून काढून, गरज पडेल तेव्हाच आयत्या वेळी उघडण्याची पद्धत अवलंबिली. धोका कमी झाला. पण आयत्या वेळी उघडलेल्या संग्रहाचे नाव ईएलएफच्या यादीत येत नाही, आणि पॅकेज बांधणारा पुन्हा आठवणीवर येतो. म्हणून जून २०२४ मधील २५६व्या आवृत्तीत त्यांनी फाइलीतच एक निराळी टीप जोडली. आयत्या वेळी कोणते संग्रह उघडले जातील आणि त्यांपैकी कोणते अनिवार्य, कोणते ऐच्छिक, हे शोधणाऱ्या साधनांना त्या टिपेत वाचता येते.