पासिंग : गाडीची परीक्षा

शिर्डीतल्या गाड्यांवर 'एमएच 17' दिसते. ही श्रीरामपूर परिवहन कार्यालयाची खूण. पण एकदा नोंदलेली गाडी कायमची रस्त्यालायक ठरते का? 1 जुलै 1989 पासून लागू झालेला 1988 चा मोटार वाहन कायदा 'नाही' म्हणतो. प्रवासी व मालवाहू गाड्यांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. लोक त्याला 'पासिंग' म्हणतात. खासगी मोटारीची तपासणी 15 वर्षांनी होते, नंतर दर 5 वर्षांनी.

गाडी जुनी झाली की टायर गुळगुळीत होतात, स्टिअरिंग सैल पडते, हेडलाइटचा झोत सरकतो, ब्रेकचे अस्तर झिजते. टायर उभ्या गाडीतही दिसतो. ब्रेकचे तसे नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. ब्रेकची खरी परीक्षा चाके फिरती ठेवूनच होते.

त्यासाठी जागा हवी. एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये राज्यातील परिवहन कार्यालयांना 250 मीटर लांबीचे चाचणी मार्ग तयार करण्याचा आदेश दिला. प्रमाणपत्र कागदाचे असते, त्यावर भरवसा ठेवून बसणारे प्रवासी मात्र हाडामांसाचे असतात.

शाळेच्या मैदानावर सायकल दोन वेगांनी चालवून थांबण्याचे अंतर मोजा. हा नियम मुलांना स्वतःच सापडेल.