आसावरीचं चुकलं तरी काय?

मालिका येतात नि जातात, त्यांचा इतिहास कोण लिहितो? पण ‘अग्गंबाई सासूबाई’बद्दल लोक काय काय बोलले ते लिहून ठेवावं असं वाटतं, कारण त्यात मालिकेपेक्षा आपणच जास्त दिसतो.

जुलै २०१९ ते मार्च २०२१ ही मालिका झी मराठीवर चालली. आसावरी (निवेदिता सराफ) तरुणपणी विधवा झालेली. करारी सासरे (रवी पटवर्धन) आणि लाडावलेला मुलगा सोहम यांची उस्तवार करण्यात तिचं आयुष्य गेलेलं. अभिजित राजे (गिरीश ओक) या शेफवर तिचं मन बसतं, पण घरात सांगायची चोरी! ते ओळखते आणि पुढाकार घेते ती सून, शुभ्रा (तेजश्री प्रधान). जानेवारी २०२० मध्ये दोघांचं लग्न लागलं.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. पण तो लढा तरुण विधवांसाठी होता. पिकल्या केसांच्या बाईचा विचार कुणाच्या मनात नव्हता. रंगभूमीवर म्हातारा नवरदेव आला तो १८९९ च्या ‘संगीत शारदा’तला भुजंगनाथ, आणि त्याची टर उडवली गेली ते योग्यच झालं, कारण त्याला कोवळी पोर हवी होती. बरोबरीच्या वयाची दोन माणसं सहानुभूतीने दिसली ती ‘उत्तरायण’ चित्रपटात. जयवंत दळवींच्या ‘दुर्गी’ नाटकावरून बिपिन नाडकर्णींनी तो काढला आणि २००४ चा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. कौतुक झालं, पण चित्रपट दोन-अडीच तासांत संपतो. मालिका रोज जेवणाच्या वेळी घरात येते, सासू-सुना-नातवंडं एकत्र बसलेली असताना. तिथे तोंड फिरवता येत नाही.

म्हणून तर चर्चा रंगल्या. विरार लोकलच्या लेडीज डब्यात, आमच्या वसईच्या बाजारात. सुरुवातीला सूर होता, “या वयात शोभतं का?” लग्न झाल्यावर तो मावळला. मग लॉकडाऊनच्या काळात सगळा राग सोहमवर, म्हणजे ‘बबड्या’वर निघाला. मोबाइलवर विनोदांचा पाऊस पडला आणि लाडोबा मुलाला ‘बबड्या’ म्हणायची पद्धतच पडली. पण नीट ऐकलं तर त्या हसण्यातही बोल आईलाच होता : हिनेच बिघडवला!

गंमत बघा. आधी परपुरुषावर प्रेम केलं म्हणून आसावरी चुकली, नंतर मुलावर जास्त प्रेम केलं म्हणून चुकली. अभिजित राजेंना “या वयात?” असं कुणी विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही. त्याआधी याच वेळेला ‘तुला पाहते रे’ लागायची. तिथेही कुरकुर झाली ती नायक-नायिकेच्या वयातल्या अंतरावर. पुरुषाने चाळिशीत प्रेम करावं की नाही, हा प्रश्न उठला नाही.

पुण्यात माधव दामले यांनी २०१२ साली ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ काढलं. लग्न न करता सोबत राहायचं, कारण लग्न म्हटलं की मुलांना वारसाहक्काची आणि लोकांच्या बोलण्याची धास्ती. म्हणजे वाळीत टाकणारं गाव गेलं, तरी तो धाक आता घरातल्या घरात आला.

मालिकेत लेखकाने शुभ्रासारखी सून दिली, म्हणून आसावरीची गोष्ट तडीस गेली. आपल्या आसपास अशा कितीतरी बायका आहेत, ज्या फोन वाजला की गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलतात आणि विचारलं तर “मैत्रीण होती” म्हणतात. टीव्हीवरच्या आसावरीला आपण टाळ्या वाजवल्या. घरातल्या आसावरीला निदान फोन आत बसून घेऊ द्यावा, एवढं तरी आपल्याला जमायला हरकत नाही.