ठाणे खाडी : पक्षिनिरीक्षण

मुंबई व नवी मुंबई यांच्यामधील सुमारे २६ किमी. लांबीची खाडी. उत्तरेस अरुंद फाट्याने उल्हास नदीशी व दक्षिणेस मुंबई बंदराशी जोडलेली. ऐरोली व वाशी पुलांदरम्यानचे १६.९०५ चौ. किमी. क्षेत्र ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले (कांदळवन ८९६ हे., जलक्षेत्र ७९४ हे.). मालवणनंतरचे (१९८७) हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये रामसर यादीत समावेश.

रोहित (फ्लेमिंगो) : दोन जाती. लहान रोहिताची चोच गडद लाल, लांबून काळीच भासणारी. मोठ्याची फिकट गुलाबी व टोकाशी काळी. दुर्बिणीतून आधी चोच पाहावी; केवळ उंचीवर विसंबल्यास फसगत होते. करड्या रंगाची पिल्ले वेगळी जात समजू नयेत. लहान रोहित चोच उलटी धरून पाण्यातील सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. मोठा एका जागी गोल फिरत पायांनी चिखल ढवळतो आणि त्यातले किडे, कोळंबीवर्गीय जीव टिपतो. ओहोटीनंतर चिखलावर उरणारी वर्तुळे त्याचीच. थवे मुख्यतः हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत असतात. बराचसा भाग गुजरातेतून येतो, असे मानले जाते. सांडपाण्यामुळे शेवाळ वाढले व म्हणून पक्षी वाढले, हे मत प्रचलित आहे. त्याबाबत मतभेद आहेत.

निरीक्षणाची वेळ : घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते : अष्टमीस सहा, अमावास्येस सव्वाअकरा. ओहोटीत पक्षी उघड्या चिखलावर दूरवर पांगतात व होडी रुतते. पाणी चढू लागले की ते उरलेल्या पट्ट्यावर दाटीने उभे राहतात. निरीक्षणास हाच काळ उत्तम. उधाणात चिखल बुडाला की बरेच थवे नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींकडे जातात. भांगाच्या भरतीत पाणी कमी चढत असल्याने त्यांची हालचालही कमी. भरती-ओहोटीचा तक्ता न पाहता येणाऱ्याची बहुधा निराशाच होते. वनविभागाच्या ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होड्या भरतीनुसारच सुटतात.

इतर पक्षी : पाणटिवळे, तुतारी, सुरय, बगळे.

सस्तन प्राणी : सोनेरी कोल्हा (कांदळवनात).

मासे : निवटी, बोय. कोळ्यांची मासेमारी जुनी.

धोके : भराव, प्लास्टिक, पाणथळींत येणारे भरतीचे पाणी अडणे. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपर परिसरात विमानाच्या धडकेने तीसहून अधिक रोहित मेले.