जुन्या तारेतून नवं ऊन

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळच्या वाळवंटात मुक्काम होता. रात्री तीनच्या सुमारास आमच्या कॅम्परमधल्या हीटरचा पंखा जरा घरघरला आणि बंद पडला. बाहेर कडाक्याची थंडी. आई साताऱ्याहून आमच्याकडे आलेली, वय ७४. तिनं गोधडी कानापर्यंत ओढली आणि एवढंच म्हणाली, "अरे, छपरावर ते सोलर लावलंयस ना तू?"

लावलं होतं. तेच तर!

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी : ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेली छोटी खोली. ओटा, पलंग, फ्रीज, सगळं त्यात. जॉन स्टाइनबेक १९६० साली आपल्या कुत्र्याला घेऊन अशाच गाडीतून अमेरिका हिंडला. डॉन किहोतेच्या घोड्यावरून गाडीचं नाव त्यानं 'रोसिनान्ते' ठेवलं होतं. ती गाडी आज कॅलिफोर्नियात सॅलिनासच्या संग्रहालयात आहे. आमचा घोडाही तसाच म्हातारा, आधीच दोन मालकांचं ओझं वाहिलेला.

पॅनेल लावायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न आला तो तारेचा. छपराला नवं भोक पाडायची माझी हिंमत नव्हती. छपराचं भोक आज ना उद्या गळतंच. मग लक्षात आलं, फ्रीजच्या वर धुराड्यासारखी एक जाळी आहेच की! आणि त्याच फ्रीजसाठी टाकलेली एक जाड तार थेट बॅटरीपर्यंत गेली आहे. फ्रीजचा १२ व्होल्टवर चालणारा भाग केव्हाच निकामी झाला होता (आम्ही तो गॅसवर चालवतो), म्हणजे तार रिकामीच. रस्ता तयार, तार तयार.

आता ही जाळी छपरावर आली कुठून? १९२२ साली स्टॉकहोममध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी एक अजब फ्रीज शोधून काढला. त्याला कॉम्प्रेसर नाही, हलणारा एकही भाग नाही. खाली ज्योत लावायची आणि वर गारवा मिळवायचा! पुढे इलेक्ट्रोलक्सनं तो जगभर नेला. वीज नसलेल्या घरांत तो चालला, तसाच फिरत्या घरांतही शिरला. पण ज्योत म्हटली की धूर आणि उष्णता बाहेर जायला वाट हवीच. त्या दोन पोरांनी आगीला करून दिलेल्या वाटेनं मी शंभर वर्षांनी ऊन आत आणत होतो. गंमतच नाही का?

आणि ते पॅनेल? तेही मुळात तारेच्याच अडचणीतून जन्मलं. दमट, उष्ण प्रदेशात टेलिफोनच्या कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब होत. त्यावर उपाय शोधता शोधता बेल प्रयोगशाळेतल्या चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी १९५४ साली सिलिकॉनचा सौर सेल जगासमोर ठेवला. कार्यक्षमता होती सुमारे ६ टक्के. १९५५ साली जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावी टेलिफोनच्या खांबावर त्याची चाचणी झाली. चाललं, पण परवडेना. मग ते आकाशात गेलं. १९५८ च्या व्हॅनगार्ड-१ या उपग्रहाचा रेडिओ सौर सेलवर १९६४ पर्यंत बोलत राहिला. (रेडिओ गप्प झाला, पण उपग्रह अजूनही फिरतोच आहे.)

जमिनीवर परत आणलं ते एलियट बर्मन यांनी. १९७३ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी नापास केलेल्या सिलिकॉनच्या चकत्या वापरून एका वॅटची किंमत सुमारे १०० डॉलरवरून २० वर आणली. मोठं गिऱ्हाईक कोण, तर मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरी! त्यांचे इशाऱ्याचे दिवे आणि भोंगे चालवायला.

अमेरिकन गाड्या १९५० च्या दशकाच्या मध्यात ६ व्होल्टवरून १२ वर आल्या. व्होल्ट दुप्पट म्हणजे तेवढ्याच कामाला प्रवाह निम्मा, तारही बारीक चालते. त्या १२ व्होल्टच्या बॅटरीला पुरं भरायला १४ च्या वर व्होल्ट लागतात. एक सेल देतो साधारण अर्धा. म्हणून अशा पॅनेलात ३६ सेल असतात : एकूण १८ व्होल्ट. वरचे तीन-साडेतीन ही सोय आहे. गरम झालेलं पॅनेल थोडं खातं, तार थोडं खाते.

आणि इथेच माझं चुकलं होतं. पॅनेल १०० वॅटचं, म्हणजे साडेपाच अँपिअर. जुन्या तारेत जाऊन-येऊन साधारण अर्धा व्होल्ट गळत होता. ती गळती पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यामध्ये झाली असती तर काहीच बिघडलं नसतं, वरची शिल्लक होतीच. पण मी कंट्रोलर बसवला होता वर, फ्रीजमागे. तो आपल्याच टोकाला १४.४ मोजायचा, "भरत आली" असं समजून हात आखडता घ्यायचा, आणि खाली बॅटरी उपाशी. उन्हाळ्याच्या लांब दिवसांत ते खपून गेलं. नोव्हेंबरातल्या आखूड दिवसात बॅटरी भरेचना, आणि रात्री पंखा थांबला.

सकाळी आईला गावातल्या हॉटेलात नेऊन गरम चहा पाजला. मग कंट्रोलर काढून बॅटरीशेजारी बसवला, बॅटरीलगत नवा फ्यूज घातला आणि तारेचे गंजलेले जोड कापून नवे केले. तार तीच ठेवली. दोन दिवसांनी पुन्हा वाळवंटात गेलो. रात्रभर पंखा चालला.

जुनी तार वाईट नव्हती. ती किती वाहू शकते आणि वाटेत किती सांडते, हे मी विचारलंच नव्हतं. आयतं मिळालं म्हणून वापरलं. आपल्याला आयत्या मिळालेल्या बऱ्याच गोष्टींचं असंच होतं...

आई मात्र आता साताऱ्याला सगळ्यांना सांगते, "पोरानं सोलर लावलंय, झकास चालतं." त्या रात्रीबद्दल अवाक्षर नाही.

असो.